फॅशनच्या चित्रांचं प्रदर्शन : फोटो असताना चित्रं कशाला? (बेळगाव)

शलाका_टिळकवाडी

नमस्कार मंडळी. भाचीच्या हट्टापायी परवा एका प्रदर्शनाला जाऊन आले. आपल्या इथल्या एका कॉलेजच्या फॅशन डिझाईन विभागानं भरवलंय. १९०० पासून १९८० च्या दशकापर्यंत परदेशी मासिकांतून, जाहिरातींतून कपड्यांची जी चित्रं यायची त्यांच्या मोठ्या प्रती दशकवार लावल्यात. मूळ चित्रं नाहीत, हे आधीच सांगते, नाहीतर कुणीतरी जाऊन आल्यावर मला शिव्या घालेल. पण छपाई चांगली आहे आणि एकेका भिंतीपुढं उभं राहिलं की वेळ कसा जातो कळत नाही.

मला सगळ्यात आवडली १९१०-२० ची भिंत. सपाट रंग, सावली जवळजवळ नाहीच, काळी बारीक रेघ आणि बाईच्या अंगावरचा झगा एखाद्या लघुचित्रातल्यासारखा. साठच्या दशकात एकदम गडबड सुरू होते: लांब पाय, लांब पापण्या, आखूड झगे. ऐंशीच्या भिंतीवर खांदे इतके रुंद की बाई दारातून आत कशी शिरायची, असा प्रश्न पडावा.

दोन प्रश्न डोक्यात घोळतायत. १९३२ सालच्या भिंतीवर 'व्होग' या फॅशन मासिकाचं पहिलं रंगीत फोटोचं मुखपृष्ठ लावलंय, लाल पोहण्याच्या पोशाखातली बाई, हातात चेंडू. म्हणजे तेव्हाच फोटो आला होता. मग पुढं चाळीस-पन्नास वर्षं ही चित्रं कशी काय टिकली? कपडा दाखवायचा तर फोटोच बरा नव्हे काय?

दुसरं म्हणजे, शेवटच्या कोपऱ्यात 'भारत' म्हणून चार छापील चित्रं टांगलीत, झालं. आपल्या भागातल्या बायकांनी काय नेसलं, काय शिवून घेतलं, ते कुणी काढून ठेवलंय का?

रविवारपर्यंत आहे. तिकीट नाही.

---

कुंदा_विदाउट_साखर

तिकीट नाही म्हणता, मग येतो. बाहेर चहाची सोय आहे का तेवढं सांगा.

---

खानापूरचा_पाऊस

@कुंदा, तुमचं नावच फसवणूक आहे बघा. साखरेशिवाय कुंदा म्हणजे पावसाशिवाय खानापूर.

---

चित्रगुप्त_निपाणी

शलाकाताई, चांगला धागा. हायस्कुलात तीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, त्यामुळं राहवत नाही. थोडं लांबेल.

तुम्हाला आवडलेली भिंत बहुधा 'गॅझेट द्यू बाँ ताँ'ची. पॅरिसमधलं हे मासिक लुसियाँ व्होजेल यानं १९१२ मध्ये काढलं, महायुद्धामुळं मधे काही वर्षं बंद पडलं, मग परत सुरू होऊन १९२५ पर्यंत चाललं. त्यातली चित्रं 'पोश्वार' पद्धतीनं रंगवलेली. म्हणजे आधी रेघांचं चित्र छापायचं, मग प्रत्येक रंगासाठी पत्र्याचा वेगळा साचा कापायचा आणि त्यावरून हातानं ब्रश फिरवायचा. निळ्याचा साचा वेगळा, गुलाबीचा वेगळा. एकेका चित्राला असे कितीतरी साचे लागत. म्हणून तो रंग तसा सपाट आणि भरीव दिसतो. रंगाची कड जवळून बघा, साच्याच्या काठाला रंग किंचित दाट साचतो. अर्थात प्रतीत ते दिसेलच असं नाही.

त्याच्याही आधी १९०८ मध्ये पॉल प्वारे या शिंप्यानं (हो, शिंपीच, फक्त पॅरिसचा) पॉल इरीब नावाच्या तरुण चित्रकाराला आपले झगे काढायला लावले आणि त्याचा अल्बम छापला. फक्त अडीचशे प्रती. १९११ मध्ये जॉर्ज लपापकडून दुसरा अल्बम काढून घेतला. तोवर फॅशनची चित्रं म्हणजे बाईला पुतळ्यागत उभी करून झालर न् झालर दाखवायची. इरीबनं तपशील टाकून दिले आणि बाईचा तोरा काढला. प्वारेनं कंबर आवळणारा कॉर्सेट काढून टाकला होता, सरळ खाली पडणारा झगा आणला होता. सरळ पडणाऱ्या कापडाला सरळ पडणारी रेघ हवी. कपडा बदलला म्हणून चित्र बदललं, असं माझं मत.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर : त्या काळचा फोटो कापडाला फार कठोर होता. चित्रकार नको तेवढी सुरकुती गाळू शकतो.

---

डॉ_अनगोळकर

नको ती सुरकुती गाळायची, नको ते पोट गाळायचं, नको तो रंग गाळायचा. सर, यालाच जाहिरात म्हणतात. श्रीमंतांनी श्रीमंतांना माल विकायला काढून घेतलेली चित्रं शंभर वर्षांनी कला म्हणून भिंतीवर. मीही बघून आलो. अख्ख्या हॉलमध्ये भरल्या अंगाची बाई एक नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या मुली रक्त कमी असलेल्या, आणि इथं वाळक्या बायकांचा उत्सव.

---

वैशाली_चिकोडी

डॉक्टर, जाहिरात आणि कला एकाच कागदावर राहू शकतात की. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारानं १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका चपला-बुटांच्या दुकानासाठी पेपरात जाहिरातीची चित्रं काढली. ओल्या शाईची रेघ दुसऱ्या कागदावर दाबून उमटवायची, ती तुटक तुटक येते. ते बूट घालावेसे वाटत नाहीत, नुसते बघत बसावेसे वाटतात.

---

खडेबाजार_कट्टा

मी लेडीज टेलर. आजोबा कॅम्पात (लष्कराच्या छावणीत) बसायचे, वडिलांनी खडेबाजारात दुकान घातलं, आता मी. पोराला सांगून वाचून घेतलं, आता स्वतःच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

परवा सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन आलो. पहिलं सांगतो, त्या चित्रावरनं कापड बेतता येत नाही. बाईचं डोकं एवढंसं आणि उंची बघाल तर नऊ डोक्यांची. खरा माणूस साडेसात डोक्यांचा. त्या चित्राच्या मापानं मी ब्लाउज बेतला तर गिऱ्हाईक माझ्याच टेपनं माझा गळा आवळेल.

पण फोटो बरा, हे शलाकाताईंचं म्हणणं मला पटत नाही. आमचं रोजचं दुखणं तेच आहे. गिऱ्हाईक मोबाईल पुढं करतं, 'असा शिवा'. फोटोत हिरॉईन कमरेवर हात ठेवून वाकडी उभी. पदर अर्ध्या ब्लाउजवर. टक्स कुठं घेतलेत, मुंढा किती खोल, पाठीला जोड मधोमध आहे का बाजूला, हूक पुढं का मागं, काही म्हणजे काही दिसत नाही. वर फोटो काढणाऱ्यानं पाठीमागनं पिना मारून फिटिंग केलेलं असतं, ते वेगळंच.

मग मी काय करतो, पावतीबुकात स्वतः काढतो. डावीकडं मापं : उंची, छाती, कंबर, तीरा, मुंढा, बाही, पुढचा गळा, मागचा गळा. उजवीकडं पाठ. दोन उभ्या रेघा, वर खांदे, त्यात गळा. मटका असेल तर मटका, पान असेल तर पान. दोरी असली तर दोन टिंबं आणि खाली लटकनाची शेपटी. पायपिंग पाहिजे असेल तिथं दुहेरी रेघ. कापडाचा तुकडा स्टेपल केला की झालं. मग विचारायचं, 'वैनी, हेच की?' त्या हो म्हणाल्या तरच कात्री. या चित्रामुळं माझी निम्मी भांडणं वाचतात.

---

कुंदा_विदाउट_साखर

आणि उरलेली निम्मी दिवाळीच्या आदल्या दिवशी होतात. 'उद्या देतो' याचं चित्र कसं काढता ते पण सांगा काका.

---

खडेबाजार_कट्टा

ते चित्र काढायला अजून कुणी जन्माला यायचंय.

---

गोकाकची_पोरगी

मी फॅशन डिझाईनला आहे, तिसऱ्या वर्षाला. (ते कॉलेज नव्हे, दुसरं.) टेलर काका, तुम्ही जे काढता त्याला आमच्यात 'फ्लॅट' म्हणतात. कपडा जमिनीवर पसरल्यासारखा, माणसाशिवाय, सगळे जोड, टक्स, बटणं दाखवून. कारखान्याला जातं ते फ्लॅट. आणि भिंतीवर आहे ते इलस्ट्रेशन, त्यात बाई कशी चालते, कापड जड आहे का फुलासारखं हलकं, ते. दोन्हींचे मार्क वेगवेगळे.

चित्रगुप्त सरांनी सांगितलं ते बरोबरच आहे, पण मला वाटतं फोटोपुढं चित्र टिकलं ते आणखी एका कारणानं. रने ग्रुओ या चित्रकाराची पॅरिसच्या डिओर या फॅशनवाल्यासाठीची चित्रं बघा. लाल, काळा, पांढरा, बस. एक जाड काळा फटकारा म्हणजे अख्खा कोट. बाकीचा कोट आपण बघणाऱ्यानं भरायचा. फोटोत आपल्याला काही करायलाच उरत नाही.

आणि साठ-सत्तरच्या भिंतीवर जे भन्नाट आहे ते अँटोनियो लोपेझचं. जन्म पोर्टो रिकोचा, १९४३. न्यूयॉर्कात वाढला, १९८७ ला एड्सनं गेला. डॉक्टरकाका, वाळक्या बायकांबद्दल तुमचं खरं आहे, पण यानं गोऱ्या गुळगुळीत बायकांच्या मक्तेदारीत काळ्या आणि लॅटिन मुली घुसवल्या. ग्रेस जोन्स, पॅट क्लीव्हलँड या त्याच्या मैत्रिणी आणि मॉडेल. जिवंत मॉडेल समोर उभी करून, गाणी लावून काढायचा.

---

डॉ_अनगोळकर

गोकाकच्या पोरीनं वाद चांगला घातला. लोपेझची भिंत मी घाईत टाकली होती, रविवारी परत बघतो. वाळक्या बायकांचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.

---

सीमावासी_५६

सगळं ठीक. पण चित्रांखालच्या पाट्या इंग्रजी आणि कन्नडमध्ये. मराठी एक ओळ नाही. निम्मे बघणारे मराठी, हे काय आयोजकांना माहीत नव्हतं?

---

पुण्यातला_बेळगावकर

आलं. मी वाटच बघत होतो, पहिल्या दहा प्रतिसादांत येणार म्हणून.

---

सीमावासी_५६

पुण्यात बसून थट्टा सोपी आहे, बे. इथं राहून बघ.

---

शहापूरची_सून

माझ्या सोबत सासूबाई होत्या, त्यांना कन्नड वाचता येतं, त्या वाचत गेल्या आणि मला मराठीत सांगत गेल्या. आमच्या घरात तसंच चालतं. पण एक मराठी पत्रक छापलं असतं तर काही बिघडलं नसतं, एवढं मलाही वाटलं. अभिप्रायवहीत लिहून आलेय.

---

संपादक मंडळ

पाट्यांच्या भाषेवर वेगळा धागा आहे, तिकडं जरूर लिहा. इथं कपडे आणि चित्रांवर राहूया. यानंतरचे विषयांतराचे प्रतिसाद हलवले जातील.

---

खानापूरचा_पाऊस

कुंद्याचं विषयांतर चालतं का?

---

संपादक मंडळ

नाही.

(नमुना पाठवल्यास विचार होईल.)

---

मंगलमावशी

मी वाचते नेहमी, लिहीत नाही. पण १९४७ ची भिंत बघून आल्यापासून एक डोक्यातून जाईना.

त्या भिंतीवर डिओरचा तो मोठ्या घेराचा झगा आहे. फेब्रुवारी १९४७. शेजारी लिहिलंय की युद्धात इंग्लंडमध्ये १९४१ पासून कपड्यांना रेशन होतं, त्यामुळं झगे आखूड, सरळ, खिसेसुद्धा मोजून. युद्ध संपल्यावर या माणसानं एका झग्याला वारच्या वार कापड घातलं आणि लोक पिसाळले, कुणी आनंदानं, कुणी रागानं.

आता आमच्याकडचं ऐका. त्याच सुमाराला आपल्याकडं कापडाचं 'कंट्रोल'. १९४३ पासून. आई सांगायची, रेशनच्या दुकानात मिळेल ते जाडंभरडं घ्यायचं, रंग-काठ विचारायचं नाही. तिचं लग्न त्याच काळातलं. नऊवारी मिळेना म्हणून दोन तुकडे मधे शिवून लुगडं केलं आणि जोड निऱ्यांत लपवला. लग्नात सासूबाईंच्या लक्षात आलं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, हे आई म्हातारी होईपर्यंत कौतुकानं सांगायची. पॅरिसच्या त्या झग्यापुढं मी उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढं निऱ्यांतला जोड. त्याचं चित्र कोण काढणार?

नंतर पन्नास-साठच्या दशकात आमच्या पिढीनं गोल पाचवारी धरली. नऊवारीतून पाचवारीत आलं तेव्हा घरोघरी रुसवेफुगवे झालेत. ती मोठी फॅशन-क्रांतीच होती की, पण भिंतीवर नाही.

---

वैशाली_चिकोडी

मावशी, तुम्ही लिहीत जा हो.

याच्यावर माझं म्हणणं : चित्रं आहेत, फक्त फॅशनची म्हणून ठेवलेली नाहीत. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं काढा. दीनानाथ दलाल (मूळ मडगावचे) १९४५ पासून 'दीपावली' काढायचे. त्यांच्या बायका बघा, साडी कशी चापूनचोपून, ब्लाउजची बाही कोपरापासून हळूहळू वर कशी सरकत जाते, अंबाड्याची जागा कशी बदलते. माझ्या आईकडं जुने अंक आहेत. ओळीनं मांडले तर दशकादशकांची फॅशनच आहे ती. रघुवीर मुळगावकरांच्या कॅलेंडरांचंही तेच, देवी असली तरी काठ-पदर त्या काळच्या दुकानातला.

---

चित्रगुप्त_निपाणी

वैशालीताईंना पूर्ण अनुमोदन. आणि आणखी मागं जायचं तर महादेव विश्वनाथ धुरंधर. कोल्हापूरचे, जन्म १८६७. १९२० मध्ये निघालेल्या भारतीय स्त्रियांवरच्या एका इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी जातीजातीच्या, प्रांताप्रांताच्या बायका जलरंगात काढल्या. कुणाचा पदर कुठल्या खांद्यावर, कुणाच्या लुगड्याचा कासोटा कसा, कोळणीचं वेगळं, ब्राह्मणाघरचं वेगळं. ते बघणं इंग्रजांच्या डोळ्यांसाठी होतं, त्यामुळं त्यात थोडं संग्रहालयाचं कपाट आहे, हे कबूल. पण कापड कसं पडतं हे धुरंधरांइतकं फार थोड्यांना दिसलं.

---

कुंदा_विदाउट_साखर

'भारत' कोपऱ्यात ती समई घेतलेली बाई पण आहे ना, रविवर्म्याची? जांभळी साडी. ती बघून आमची आजी हातच जोडते.

---

पुण्यातला_बेळगावकर

ती रविवर्म्याची नव्हे. सा. ला. हळदणकरांची 'ग्लो ऑफ होप', जलरंग, १९४५-४६ च्या सुमाराचं. हळदणकर सावंतवाडीचे, म्हणजे आपल्या घाटाखालचेच. मॉडेल त्यांची मुलगी गीता, पुढं त्या कोल्हापूरला होत्या, शंभरी ओलांडली त्यांनी. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तिथले कितीतरी लोकही रविवर्माच म्हणतात. समईच्या उजेडानं बोटं आतून लाल झालीत ते बघायला लोक जातात, पण त्या साडीच्या पदराची किनार उजेडात कशी सोनेरी आणि मागं कशी विझत जाते ते बघा.

बेळगावचा विषय निघालाच तर रवी परांजप्यांना विसरू नका. जन्म १९३५, बेळगावचे. इथंच के. बी. कुलकर्णी सरांकडं शिकले आणि मग जाहिरातींच्या दुनियेत इलस्ट्रेटर म्हणून नाव काढलं. डॉक्टरांचा जाहिरात विरुद्ध कला हा वाद त्यांनी आयुष्यभर कुंचल्यानं लढवला म्हणा की. २०२२ मध्ये गेले.

---

सीमावासी_५६

मग विषयांतर न करता एक बेळगावचं मीही सांगतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला जे. जे. मध्ये चित्रकला शिकायला गेले होते, पण रंगांधळेपणामुळं रंगकाम सोडावं लागलं. मग यंत्रांची ड्रॉइंग शिकवली, बेळगावात सायकलचं दुकान घातलं, नांगर केले, १९१० मध्ये औंध संस्थानात जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. आणि त्याच किर्लोस्करांकडून १९३० मध्ये 'स्त्री' मासिक निघालं. रंग न दिसणाऱ्या माणसाच्या कारखान्याच्या आवारातून घराघरातल्या बायकांपर्यंत मासिक गेलं.

---

खानापूरचा_पाऊस

सीमावासीकाकांनी भांडण न करता लिहिलेला प्रतिसाद. जपून ठेवा.

---

शहापूरची_सून

वाचत होते, राहवलं नाही. आमचं सासर विणकरांचं. आजेसासऱ्यांच्या वेळी हातमाग, शहापूर तेव्हा सांगली संस्थानात. आता पॉवरलूम, वडगाव-खासबागच्या गल्लीतून जाल तर दिवसभर खटखट.

तुम्ही सगळे चित्र म्हणजे बाईचं चित्र धरताय. आमच्याकडं चित्र म्हणजे ग्राफ. चौकटीच्या कागदावर नक्षी. एक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याची (उभ्या-आडव्या धाग्यांची) एक गाठभेट. लाल शाईनं भरलेला चौकोन म्हणजे धागा वर, रिकामा म्हणजे खाली. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं साखळीगत ओवून जकार्डावर (मागावरच्या धागे उचलणाऱ्या यंत्रावर) चढवायची, की काठावर मोर. सासऱ्यांकडं जुने ग्राफ आहेत, कडेला पेन्सिलीनं लिहिलेलं : 'मोर बारीक करणे', 'चोच जाड आली'. हल्ली कॉम्प्युटरवर होतं. ग्राफ काढणाऱ्याचं नाव साडीवर कुठंच येत नाही.

आणि इरकलचं (इलकल गावच्या साडीचं) तर आणखी गंमतशीर. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी, दोन्ही 'कोंडी' घालून धाग्याला धागा अडकवून जोडायचे. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तो टोपे-टेनीचा पदर. हे सगळं इलकलच्या बायका डोक्यात ठेवून करतात, कागद नाही.

---

मंगलमावशी

कशिदाही तसाच की ग. धारवाडकडची कसूती. कापडावर छाप मारायचा नाही, पेन्सिल लावायची नाही. धागे मोजत जायचं. गवंती टाका उलटसुलट सारखा, मागून बघितलं तरी गाठ दिसता कामा नये. माझी एक आत्या धारवाडला दिलेली, ती तुळशीवृंदावन आणि गोपूर मोजूनच घालायची. मधेच कुणी हाक मारली की मोजणी चुकायची आणि आम्हाला बोलणी.

---

गोकाकची_पोरगी

मावशी आणि शहापूरच्या ताई, हे मी माझ्या प्रोजेक्टला घेऊ का? आमच्या वर्गात सगळे प्वारे आणि डिओरवर लिहितात. मलाही तोच विषय दिलाय. पण ग्राफवरच्या 'चोच जाड आली' ला मी जास्त मार्क देईन.

---

शहापूरची_सून

ये की घरी. सासरे बोलायला एका पायावर तयार असतात, त्यांना थांबवणं तुझं काम.

---

डॉ_अनगोळकर

आता माझं म्हणणं मांडतो. ताईंचा दुसरा प्रश्न होता, आपल्याकडच्यांनी काय नेसलं ते कुणी काढून ठेवलंय का. धाग्यावरून दिसतं की काढलं भरपूर, पण ते तीन ठिकाणी विखुरलंय : दिवाळी अंकात बाईचा चेहरा सुंदर दिसावा म्हणून, ग्राफवर मागासाठी, आणि शिंप्याच्या पावतीबुकात भांडण होऊ नये म्हणून. चौथी जागा, म्हणजे मुद्दाम फॅशन दाखवायला काढलेली चित्रं, आपल्याकडं फार उशिरा आली. कारण कपडा दुकानात तयार मिळत नव्हता. तयार झगा विकायचा असेल तर तो आधी चित्रात विकावा लागतो. साडी दुकानदार स्वतः गादीवर उलगडून दाखवतो, शंभर साड्या पसरतो, त्याला चित्राची गरज काय?

---

वैशाली_चिकोडी

डॉक्टर, हे पटलं. पण थोडी भर. अमेरिकेतही बाई घरीच शिवायची की. बटरिक नावाच्या शिंप्यानं १८६३ मध्ये कागदी पॅटर्न मापवार विकायला काढले आणि सोबत चित्र असायचं. म्हणजे तयार कपडा नव्हे, तर शिवण्याची इच्छा चित्रानं विकली. आपल्याकडं ती इच्छा कोण विकायचं? शेजारीण. तिच्या अंगावरचा ब्लाउज बघून आपण शिंप्याकडं.

---

खडेबाजार_कट्टा

वैशालीताईंचं सोळा आणे. 'आमच्या शेजारच्या वैनीसारखा' हे गिऱ्हाईक सगळ्यात अवघड. वैनी कोण, कुठल्या, मला काय माहीत?

डॉक्टर म्हणाले त्यात आमच्या बाजूचं थोडं जोडतो. आजोबा कॅम्पात असताना मडमा मासिकाचं पान फाडून आणायच्या, असं वडील सांगायचे. आजोबांना इंग्रजी यायचं नाही. चित्र बघून ते आधी जुन्या धोतराचं कापड बाईच्या अंगावर टाचणीनं लावून बघायचे, मग खरं कापड कापायचे. त्या चित्रात पाठ कधीच नसायची, बाई नेहमी समोरून किंवा तिरकी. पाठ आजोबांनी मनानं केलेली. म्हणजे निम्मा झगा पॅरिसचा आणि निम्मा बेळगावचा. परवा भिंतीवरच्या बायका बघताना माझं लक्ष सारखं तिथंच. एकीनं सुद्धा पाठ फिरवावी की नाही!

ऐंशीच्या पुढं आमच्याकडं गळ्याचे छापील तक्ते आले. एका कागदावर पन्नास-साठ गळे, नंबर घातलेले. गिऱ्हाईक म्हणायचं 'बावीस नंबर'. अजून भिंतीवर आहे एक, ऊन लागून पिवळा पडलाय. मोबाईल आल्यापासून त्याच्याकडं कुणी बघत नाही.

---

चित्रगुप्त_निपाणी

पाठ! तीस वर्षं चित्रं बघितली, हे कधी मनात आलं नाही. ग्रुओच्या काही चित्रांत पाठ आहे हो, पण ती दाखवायला म्हणून, शिवायला म्हणून नव्हे. काका, तुमची जुनी पावतीबुकं आहेत का?

---

खडेबाजार_कट्टा

वडिलांची माळ्यावर आहेत, पोत्यात. थोडी उंदरानं खाल्ली. माझी सगळी आहेत. जुन्यात ब्लाउज म्हणायचे नाहीत, 'पोलकं' लिहिलंय. बाही लांब, गळा बंद, आणि चित्र जवळजवळ नाहीच, कारण सगळ्यांचं एकसारखं. पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढं एकेक चित्र दिसायला लागतं. नव्वदनंतर प्रत्येक पानावर. गळा जसा खाली गेला तसं चित्र वाढलं बघा.

---

गोकाकची_पोरगी

काका, हे तुम्ही सहज सांगितलं, पण हे तर अख्खं संशोधन आहे. प्लीज मला ती बुकं बघू द्या. गिऱ्हाइकांची नावं-नंबर झाकून फक्त चित्रांचे फोटो घेते. गोकाकहून एसटीनं येईन.

---

शलाका_टिळकवाडी

मीही येते तिच्याबरोबर. आणि आयोजकांपैकी एका बाईंशी फोनवर बोलले. 'भारत' कोपऱ्यात जागा आहे म्हणाल्या, कुणी दिवाळी अंक, ग्राफ, पावतीबुकं आणून दिली तर एक टेबल मांडायची तयारी आहे, पण काच नाही, त्यामुळं ज्याच्या वस्तू त्यानं शेजारी बसायचं. वैशाली, आईला विचारशील का?

---

वैशाली_चिकोडी

विचारलं. अंक देणार नाही म्हणाली, पण अंक घेऊन स्वतः येणार आहे.

---

डॉ_अनगोळकर

रविवारी दवाखाना बंद. मीही शेजारी बसायला तयार, भांडायला कुणी आलं तर.

---

खडेबाजार_कट्टा

माझी बुकं तिकडं आणता येणार नाहीत, चालू कामं त्यातच आहेत. वडिलांचं पोतं पोराकडनं पाठवतो, उंदराच्या लेंड्या झाडून घ्या. बाकीचं बघायचं असेल तर दुकानात या, दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी. पान फाडायचं नाही. आणि दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत मेहेरबानी करून कुणीच येऊ नका.